हाक मारली तर वळायचं नाही

माझा आवाज मोठा आहे. पंचवीस वर्षं मी लंडनच्या हॅरो भागातल्या एका प्रायमरी शाळेच्या ऑफिसात काम केलं. मैदानाच्या पार पलीकडे कुंपणावर चढू पाहणाऱ्या पोराला खिडकीतून एका हाकेत खाली उतरवणारी बाई, अशी तिथे माझी ख्याती होती. रिटायर झाले तेव्हा शाळेने फुलांचा गुच्छ दिला, कार्ड दिलं, पण आवाज मात्र माझ्याकडेच राहू दिला. घरात नवरा आणि मी दोघंच. नवरा हेडफोन लावून बसतो. त्यामुळे तो सगळा आवाज शेजारी वापरात यायला लागला.

शेजारी म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातल्या बाई. वय सत्त्याऐंशी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता मुलगा दूर कार्डिफला. बाई ज्यू होत्या आणि जन्माने हॉलंडच्या. लढाई संपल्यावर लहानपणीच आईबरोबर इंग्लंडला आल्या होत्या. एवढी माहिती मी इथे राहायला आल्यावर पहिल्या आठवड्यातच काढली होती. लढाईच्या काळात कुठे होतात असं मी विचारलं, तर त्या म्हणाल्या होत्या, एका शेतावर होते, तिथे ससे होते. आमच्या शाळेत दरवर्षी मुलं इव्हॅक्युई व्हायची. गळ्यात नावाची चिठ्ठी, हातात पुठ्ठ्याची पेटी, लढाईत बॉम्बच्या भीतीने लंडनहून खेड्यात पाठवलेली मुलं म्हणून हॉलभर फिरायची. मला वाटलं, यांचंही तसलंच काहीतरी. हॉलंड, ज्यू आणि लढाई हे तीन शब्द एका वाक्यात ऐकूनही मला सशांपलीकडे काही सुचलं नाही.

सुरुवातीची दोन वर्षं मी त्यांना आंटी म्हणत होते. आईच्या वयाच्या बाईला नावाने हाक मारणं माझ्या जिभेला जमत नाही. त्यांना ते आवडायचं नाही. मी तुझी आंटी लागत नाही, मला नाव आहे, ते वापर, असं त्या दर महिन्याला सांगायच्या. शेवटी गेल्या वर्षी त्यांच्या वाढदिवसाला मी धीर केला आणि त्यांना नावाने हाक मारायला लागले. मराठीत सांगताना त्यांना अहोजाहोच करते. इंग्रजीत ती सोय नाही म्हणून मनातल्या मनात करायचे.

आणि त्याच सुमाराला त्या बहिऱ्या झाल्या.

म्हणजे असं मला वाटलं. त्या पुढच्या अंगणात गुलाबाची छाटणी करत पाठमोऱ्या उभ्या असायच्या. मी दारातून हाक मारायची, त्या ढिम्म. पुन्हा मारायची, तरी ढिम्म. मग मी शाळेतला आवाज लावायची. समोरच्या घरातला कुत्रा भुंकायला लागायचा, पोस्टमन थांबून माझ्याकडे बघायचा, पण बाईंची कात्री आपली कचाकच चालू. मी अंगण ओलांडून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले की मग हसून म्हणायच्या, अगं, तू कधी आलीस? मला त्यांची कीव यायची. मी घरी येऊन नवऱ्याला सांगायची, कान पार गेले बाई त्यांचे.

समोर बसल्यावर मात्र त्यांना सगळं नीट ऐकू यायचं. स्वयंपाकघरात केटल शिट्टी मारायच्या आधीच त्या उठायच्या. आमच्या घरात नवरा शिंकला तर भिंतीपलीकडून त्या ब्लेस यू म्हणायच्या. हे सगळं मी डोळ्यांनी बघत होते, कानांनी ऐकत होते, आणि तरी माझं निदान कायम होतं. एकदा मी निदान केलं की पेशंटने त्यात लुडबुड केलेली मला चालत नाही.

मी कळस केला तो एका बुधवारी. बुधवारी मी त्यांच्याकडे काहीतरी शाकाहारी घेऊन जायची, म्हणजे त्यांच्या खाण्यापिण्याच्या नियमांची पंचाईत नको. त्या दिवशी मी साबुदाण्याची खिचडी नेली होती आणि सोबत माझा हुकमी किस्सा. हा किस्सा मी चौतीस वर्षं सांगत आले होते. माझ्या लग्नात आमच्याकडच्या रीतीप्रमाणे ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. नाव सासूबाईंनी निवडलेलं. आडनाव बदलतं ते ठीक, पण आमच्यात पहिलं नावही बदलायचे, हे ऐकून बाईंनी चमचा खाली ठेवला. मग सासूबाई स्वयंपाकघरातून त्या नव्या नावाने हाका मारायच्या आणि मी बाल्कनीत मजेत उभी. मला वाटायचं, असेल कुणीतरी, का देत नाही ओ. महिनाभरात पुण्यातल्या आमच्या सगळ्या बिल्डिंगला कळलं की नवी सून ऐकायला कमी आहे. सासऱ्यांनी मला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत, हिला हिचं नाव कुठलं ते विचारा.

इथे सगळे हसायचे. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, नव्या नावाला ओ द्यायला तुला किती दिवस लागले?

मी म्हटलं, चांगले सहा महिने.

"सहा महिने म्हणजे फारच," त्या म्हणाल्या. "मला तीन आठवडे लागले."

कुठल्याही शहाण्या माणसाने इथे विचारलं असतं, कशाला तीन आठवडे? मी विचारलं नाही, कारण माझा किस्सा अजून संपला नव्हता. डॉक्टरांच्या फीवरून सासूबाई काय म्हणाल्या, हा भाग राहिला होता, आणि तो मी पूर्ण सांगितला.

त्याच आठवड्यात मी त्यांच्या मुलाला ईमेल लिहिली. नवरा म्हणाला, "अगं, ती इंडिपेंडंट बाई आहे, तू तिच्या लाईफमध्ये कशाला इंटरफिअर करतेस? कुणी सांगितलंय?" कुणी सांगितलं नव्हतं. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला मला कुणी सांगावं लागत नाही. शाळेत पालकांना पत्रं लिहून लिहून माझा हात असा बसला आहे की मला साधं पत्र लिहिताच येत नाही. मी मुद्दे घातले. एक, आई हाकेला ओ देत नाहीत. दोन, नाव घेतलं तरी ओळख पटल्याचं दिसत नाही. तीन, डोळ्यांच्या दवाखान्यात नर्सने त्यांच्या मागे उभं राहून दोनदा नाव पुकारलं तरी बसून राहिल्या, आणि अपॉइंटमेंट हुकली. शेवटी लिहिलं, काळजी करू नये, मी लक्ष ठेवून आहे. पाठवल्यावर मला फार बरं वाटलं. रात्रीचं जेवण मी चवीने जेवले.

मुलाचं उत्तर दोन दिवसांनी आलं. अत्यंत सभ्य आणि अत्यंत घाबरलेलं. तो साठीचा माणूस, इंजिनियर, आईला दर रविवारी फोन करणारा. त्याने लिहिलं होतं की फोनवर आई ठीक वाटते, पण तुम्ही रोज बघता, तुम्हाला जास्त कळणार. आईची स्मृती जाईल, ही भीती त्याला बरेच दिवस होतीच. त्याने कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, सांगून घरी येऊन तपासणी करायची वेळ घेतली होती, पुढच्या गुरुवारची. कार्डिफला त्याच्या घराजवळ एक वृद्धांचं चांगलं होम आहे, तिथे एक खोली रिकामी झाली होती, ती त्याने धरून ठेवली होती. तपासणीत काही आढळलं की आईला तिकडे न्यायचं आणि हॅरोचं घर विकायला काढायचं. खाली मला मनापासून धन्यवाद दिले होते.

त्या घरात बाई पंचावन्न वर्षं राहत होत्या. घर सोडून मला न्यायचं तर आडवी न्या, हे त्यांनी माझ्या देखत त्याच मुलाला फोनवर सांगितलं होतं. आणि ती तीन मुद्द्यांची यादी माझी होती. त्यात एकही खोटं वाक्य नव्हतं. तेच तर वाईट होतं.

मी नवऱ्याला काही सांगितलं नाही. त्याचं बरोबर ठरलेलं मला त्या आठवड्यात सोसलं नसतं. त्याऐवजी मी नवी योजना आखली. बाईंचे कान तपासून घ्यायचे. कान खराब निघाले की झालं. मशीन लावायचं, गुरुवारी त्या पहिल्या हाकेला ओ देतील, कार्डिफचं प्रकरण मिटेल. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचे तरी कान खराब निघावेत म्हणून गणपतीला हात जोडले.

सोमवारी मी त्यांना हाय स्ट्रीटवरच्या चष्म्याच्या दुकानात नेलं. तिथे कानही तपासतात. बाई कुरकुरल्या, पण आल्या. काचेच्या खोलीत त्यांना हेडफोन लावून बसवलं, आवाज आला की बटण दाबा म्हणून सांगितलं. मी बाहेरून बघत होते. त्या इतकी बटणं दाबत होत्या की मला वाटलं अंदाजाने दाबताहेत. तपासणारा तरुण मुलगा कागद घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, या वयात असे कान मी पाहिलेले नाहीत. मग माझ्याकडे बघून म्हणाला, तुमचेही तपासून टाकू का, फ्री आहे. माझा डावा कान वरच्या पट्टीत गेलेला निघाला. म्हणूनच मी ओरडून बोलत असावे, असं तो फार गोड शब्दांत म्हणाला. त्या कानात आता मशीन आहे.

पण त्या क्षणी मला माझ्या कानाचं काही पडलेलं नव्हतं. बाईंचे कान उत्तम आहेत, याचा अर्थ एकच होता. मुलाला वाटत होतं ते खरं, आणि बिघाड डोक्यात. मी स्वतःच्या हाताने पुरावा तयार करून घेतला होता, तोही छापील.

बसस्टॉपवर आम्ही बाकावर बसलो. मला राहवलं नाही. मी ईमेल सांगितली, तीनही मुद्दे, गुरुवार, कार्डिफची खोली, सगळं. एक बस आली आणि गेली. ती आमचीच होती. मग त्या म्हणाल्या, तू मागून हाक मारतेस तेव्हा मला ऐकू येतं. पहिल्या वेळेलाच येतं. सगळ्या रस्त्याला येतं.

मी विचारलं, मग तुम्ही वळत का नाही?

त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण त्या अगदी थोडं बोलल्या. जर्मन आले तेव्हा त्या लहान होत्या. पाच वर्षांच्या झाल्यावर आईवडिलांनी त्यांना एका अनोळखी माणसाच्या सायकलवर मागे बसवून पाठवून दिलं. वडिलांना त्यांनी त्यानंतर पाहिलं नाही. खेड्यातल्या एका शेतकऱ्याच्या घरी त्यांना ठेवलं. तिथे त्या घरातल्या बाईच्या भाची झाल्या, मावशी म्हणायचं असं ठरलं, आणि नाव बदललं. नवं नाव शिकणं सोपं गेलं. जुनं विसरणं कठीण होतं. म्हणून ती मावशी रोज सराव घ्यायची. मुलगी कोंबड्यांना दाणे टाकत असेल, सशांना गवत देत असेल, की मावशी पाय न वाजवता मागे यायची आणि तिच्या खऱ्या नावाने, मी मारते त्याच नावाने, हाक मारायची. मुलगी वळली की मावशी मारायची नाही, रागवायची नाही. नुसती खाली बसायची आणि रडायची. मग पुन्हा पहिल्यापासून. मावशीने मग त्या शेतकऱ्यालाही हाक मारायला लावलं, कधी दूधवाल्याच्या आवाजात, कधी लाडाने, कधी जोरात. तीन आठवड्यांनी मुलगी वळायची थांबली. अडीच वर्षं ती तिथे राहिली. एकदा सैनिक खरंच आले होते, आणि त्यांच्यातल्या एकाने सहज म्हणून दोन-तीन ज्यू नावं अंगणात मोठ्याने पुकारली होती. त्यात तिचंही होतं.

आता मी काय केलं ते सांगायलाच हवं. मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "मला समजतं. माझंही अगदी असंच झालं होतं, सासरी."

बाईंनी हात सोडवून घेतला नाही. त्यांनी फक्त विचारलं, "तू वळली नाहीस तर तुझ्या घरी काय व्हायचं?"

मी म्हटलं, चहा गार व्हायचा.

"मी वळले असते तर आम्ही पाचही जण मेलो असतो," त्या म्हणाल्या. "त्यांची दोन मुलं माझ्याहून लहान होती."

मला बाकाखाली शिरावंसं वाटलं. चौतीस वर्षं मी जो किस्सा मिरवला, तो त्या दिवसापासून, इथे सोडून, मी कुठे सांगितलेला नाही. सांगायला गेले तर पुढचं वाक्य तोंडातून निघत नाही. आणि शरम याचीही वाटली की न वळणाऱ्या बाईचे कान शाबूत असू शकतात, हे साऱ्या हॅरोत ज्या एका बाईला ठाऊक असायला हवं होतं ती मीच होते. माझ्या बाबतीत खुद्द डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं.

मी म्हटलं, हे तुम्ही गुरुवारी सांगा, मुलाला सांगा, म्हणजे सगळं मिटेल. त्या नाही म्हणाल्या. त्याला फक्त ससे माहीत होते. लहानपणी झोपवताना त्यांनी त्याला सशांच्या गोष्टी सांगितल्या होत्या, आणि पुढे तो मोठा झाल्यावर त्याने विचारलं तेव्हाही सशांपुढे त्या गेल्या नव्हत्या. नावाचं सांगितलं तर त्याच्या पुढचंही सांगावं लागेल, असं त्या म्हणाल्या. पुढचं म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. आयुष्यात इतक्या उशिरा का होईना, मी एक प्रश्न गिळला.

गुरुवारी मुलगा सकाळीच कार्डिफहून आला. उंच, वाकलेला, आईसारखेच डोळे. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरून आभार मानले, आणि मी त्याच्या बुटांकडे बघत राहिले. कौन्सिलची बाई अकराला आली, तिशीतली, शांत, मांडीवर लॅपटॉप. बाईंनी मला थांबायला सांगितलं होतं, पण तोंड उघडायचं नाही या अटीवर. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले आणि तोंडात पेपरमिंट ठेवलं, म्हणजे जिभेला काहीतरी काम राहील.

पहिला अर्धा तास चांगला गेला. वार कुठला, पंतप्रधान कोण, गॅस बंद करायचा राहतो का, जिन्यावरून पडलात का. बाईंनी सगळी उत्तरं नीट दिली, पंतप्रधानांविषयी तर विचारलं त्यापेक्षा जास्त. मग त्या तरुण बाईने स्क्रीनवर बघून मुलाची ईमेल वाचायला सुरुवात केली. त्यात माझे मुद्दे होते, त्याच क्रमाने. हाकेला ओ देत नाहीत. नाव घेतलं तरी ओळख पटल्याचं दिसत नाही. माझीच वाक्यं परक्या तोंडून ऐकताना ती मला एखाद्या परक्या आणि निर्दय माणसाची वाटली. कान तपासलेत का, असं तिने विचारलं. बाईंनी स्वतःच पर्समधून तो छापील कागद काढून दिला. तिने तो वाचला आणि मुलाकडे पाहिलं. मुलाने डोळे मिटून घेतले.

मी पेपरमिंट चावलं. तो आवाज सगळ्या खोलीत झाला.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. आणि सांगायला सुरुवात केली. बसस्टॉपवर सांगितलं होतं तेच, तेवढ्याच थोड्या शब्दांत. सायकल, मावशी, कोंबड्या, मागून येणारी हाक. मुलगा मध्येच म्हणाला, आई, तू हे कधी बोलली नाहीस. त्या म्हणाल्या, थांब, अजून आहे.

लढाई संपली. त्या तेव्हा साडेसात वर्षांच्या होत्या. संपली म्हणजे काय हे त्यांना कुणी नीट समजावलं नव्हतं. एक दिवस दुपारी त्या सशांच्या पिंजऱ्याशी बसून गवत देत होत्या, फाटकाकडे पाठ करून. मागून कुणीतरी त्यांना खऱ्या नावाने हाक मारली. बाईचा आवाज होता. त्या वळल्या नाहीत. पुन्हा हाक आली, आणखी जवळून. मग तिसऱ्यांदा.

"तुझी आजी होती," त्या मुलाला म्हणाल्या. "मी पहिल्याच हाकेला ओळखलं. पण मावशीने मला सांगून ठेवलं होतं की एखादे दिवशी आईच्या आवाजातसुद्धा हाक येईल, तरी वळायचं नाही. मला वाटलं, ही शेवटची परीक्षा आहे. मी गवत देत राहिले. आणि मला फार अभिमान वाटत होता."

त्यांची आई तिथेच जमिनीवर बसली. मावशी घरातून धावत आली. मग सगळं कळलं, रडारड झाली, आई मुलीला घेऊन गेली, पुढच्या वर्षी दोघी इंग्लंडला आल्या. तिथे आई पस्तीस वर्षं त्यांच्याजवळ राहिली.

मुलगा म्हणाला, "आजी तुला कधी हाक मारायची नाही. या घरात, या खोलीत. तुझ्याशी बोलायचं असलं की ती उठून, फिरून, तुझ्यासमोर येऊन उभी राहायची. गुडघे दुखायचे तिचे, तरी. मला वाटायचं ही तिकडची रीत असेल."

"तिला वाटलं, मी तिला विसरले होते," बाई म्हणाल्या. "मरेपर्यंत वाटलं. आणि मी तिला एकदाही सांगितलं नाही की मला ऐकू आलं होतं. आधी लाज वाटायची, मग फार उशीर झाला असं वाटायचं, मग ती गेली. तुला सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, आजीला का नाही सांगितलंस. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही."

मी रडत होते. नाक पुसायला रुमाल नव्हता म्हणून उठून स्वयंपाकघरातून किचन रोलचा अख्खा रोल घेऊन आले. मग मी तो सगळ्यांपुढे धरला, प्रसादासारखा. कौन्सिलच्या तरुण बाईने एक तुकडा घेतला. बहुधा तिच्या नियमांत हे बसत नव्हतं.

तिने लॅपटॉप मिटला. म्हणाली की मला यांच्या डोक्यात काही बिघाड दिसत नाही. जिन्याला दुसऱ्या बाजूने कठडा हवा, गळ्यात धोक्याचं बटण घातलेलं बरं, सहा महिन्यांनी पुन्हा येईन. मागून नाव पुकारलं तर वळत नाहीत, समोर येऊन बोलावं, असं रिपोर्टमध्ये लिहीन, म्हणजे दवाखान्यातही कळेल. मुलगा म्हणाला, कार्डिफच्या खोलीचं मी आजच नको म्हणून कळवतो. बाई म्हणाल्या, कठडा पांढरा हवा, तपकिरी नको. आणि कप गोळा करून स्वयंपाकघरात गेल्या.

मीही निघायला उठले. आता माझं तिथे काही काम नव्हतं. खरं तर आधीही नव्हतं. पण पायांत बूट घालायला मला वेळ लागतो, म्हणून ते मला दिसलं.

बाई सिंकपाशी पाठमोऱ्या उभ्या राहून कप विसळत होत्या. नळाचा आवाज होता. मुलगा स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबला. त्याला काहीतरी बोलायचं होतं. त्याने तोंड उघडलं, आणि मिटलं. थोडा वेळ तो आईच्या पाठीकडे बघत राहिला. स्वयंपाकघर इतकं अरुंद की त्यांच्यासमोर जाऊन उभं राहायला जागाच नव्हती, पुढे सिंक आणि त्यावर खिडकी. मग तो वळला, माझ्या शेजारून पुढच्या दाराने बाहेर पडला, कोट न घालता. बाहेर पाऊस भुरभुरत होता. घराच्या बाजूची चिंचोळी वाट, कचऱ्याचे डबे, मागच्या अंगणाचं फाटक, हे सगळं ओलांडून तो फिरून आला आणि खिडकीच्या बाहेर, ओल्या गवतात, आईच्या बरोबर समोर येऊन उभा राहिला.

बाईंनी मान वर केली. हातातला कप तसाच धरून त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी नळ बंद केला, खिडकी ढकलून उघडली आणि म्हणाल्या, "भिजतोयस. आत ये."